आज जी ताजी असेल ती

१४ डिसेंबर २०२३, गुरुवार. सगळ्या वेळा पॅरिसच्या. आपलं घड्याळ तिथून साडेचार तास पुढे.

त्याआधी कधीतरी

घटनाक्रम खरं तर सकाळी ९.४९ पासून सुरू करायला हवा. कंपनीच्या अहवालात नेमकी अशी पहिली वेळ तीच आहे. पण ९.४९ ला जे झालं त्याची तयारी फार आधी, राजरोस आणि सज्जन माणसांच्या हातून झालेली होती. म्हणून आधी ती.

लेजर ही पॅरिसची कंपनी. २०१४ साली निघाली. पेनड्राइव्हएवढं यंत्र विकते. बिटकॉइन, इथर अशा आभासी चलनाची किल्ली म्हणजे एक लांबलचक गुप्त संख्या. ती या यंत्रातल्या चिपमध्ये राहते आणि तिथून कधीच बाहेर पडत नाही, असं जाहिरात सांगते. मालकाने यंत्रावरची बटणं दाबली की व्यवहारावरची सहीसुद्धा आतल्या आतच होते. संगणकात विषाणूंची जत्रा भरली असली तरी किल्ली शाबूत, हा सगळ्या धंद्याचा पाया.

चलनांची अदलाबदल करणाऱ्या वेबसाइटना या यंत्राशी बोलता यावं म्हणून लेजरने एक जावास्क्रिप्ट लायब्ररी काढली, ‘कनेक्ट किट’. ती वेबसाइटमध्ये घालायची एक जुनी, कंटाळवाणी पद्धत आहे. कोड आपल्या प्रोजेक्टमध्ये आणा, बिल्ड करा, आपल्याच सर्व्हरवरून पाठवा. नवी आवृत्ती आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. लेजरने सोय केली. ‘कनेक्ट किट लोडर’ नावाची एक चिमुकली फाइल घ्या आणि विसरून जा. पान उघडलं की हा लोडर एक स्क्रिप्ट टॅग तयार करतो, त्यात सीडीएनचा, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या जाळ्याचा, पत्ता भरतो, टॅग पानाला चिकटवतो आणि खरं किट उतरलं की ‘आलं’ म्हणून वर्दी देतो.

अशा चार-सहा ओळी मीही लिहिल्या आहेत, आणि एकदा नव्हे. नकाशा दाखवायचाय, पेमेंटची खिडकी उघडायचीय, उजव्या कोपऱ्यात गप्पांचा गोल फुगा हवाय, की टॅग बनव, पत्ता घाल, चिकटव. वेबवर काम करणारा आणि हे न केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता तो पत्ता नीट वाचू. जेएसडिलिव्हर नावाच्या सीडीएनवर, एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजं ठेवायचं जगाचं कोठार) विभागात, लेजरचं कनेक्ट किट, मग ‘@’ चिन्ह आणि पुढे आकडा १. पूर्ण आवृत्ती १.१.४ अशी लिहिता आली असती, पण लिहिलं होतं नुसतं १. म्हणजे एकने सुरू होणारी जी सगळ्यात नवी आवृत्ती असेल ती द्या. मेसच्या काकूंना महिन्याचे पैसे देताना आपण म्हणतो ना, भाजी कोणतीही चालेल, आज जी ताजी असेल ती द्या. डबा येतो, आपण झाकण उघडतो, जेवतो. डब्यात काय आहे ते काकू ठरवतात. आणि काकूंच्या स्वयंपाकघरात ज्याला शिरता येतं, तोही.

इथे ब्राउझरचा स्वभाव सांगायला हवा, कारण सगळी गोम तिथे आहे. एका साइटला दुसऱ्या साइटच्या घरात डोकावू द्यायचं नाही, याबद्दल ब्राउझर मोठा काटेकोर असतो. पण स्क्रिप्ट टॅगने आणलेला कोड कुठून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्या पानात तो शिरला त्या पानाचा तो घरचा माणूस. पान वाचेल, बदलेल, त्यावर खोटी खिडकी उघडेल. वरच्या पट्टीत साइटचं खरं नाव, खरं कुलूपचिन्ह, आणि आत पाहुणा यजमान होऊन बसलेला.

यावर उतारा नव्हता असं नाही. २०१६ पासून वेबच्या मानकांत ‘इंटेग्रिटी’ची तरतूद आहे. टॅगमध्ये फाइलचा हॅश लिहायचा, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेला ठसा. उतरलेल्या फाइलचा ठसा जुळला नाही तर ब्राउझर ती चालवत नाही. पण ठसा एका ठरावीक फाइलचाच घेता येतो. ‘आज जी ताजी असेल ती’चा ठसा कसा घेणार? ती उद्या वेगळीच असणार. ‘नेहमी ताजं’ आणि ‘तपासलेलं’ यांतलं एकच मिळतं, आणि लोडरने पहिलं निवडलं होतं.

याचा धडाही मिळून गेला होता. ११ फेब्रुवारी २०१८ ला, एका रविवारी, अंध आणि अल्पदृष्टी वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या ‘ब्राउजअलाउड’ या बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी नाणी खणणारा कोड घुसवला. चार हजारांवर साइट पाहुण्यांच्या संगणकावर परक्याची मजुरी करू लागल्या. त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांची साइट होती, जिचं कामच लोकांच्या माहितीची राखण. तेव्हाही इंटेग्रिटीची खूप चर्चा झाली होती.

आणखी एक गाठ आहे. अनेक साइटनी लोडर स्वतःहून घेतलेलाच नव्हता. पाकिटं, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी ॲप वा यंत्रं, जोडण्यासाठी त्या ‘वॅग्मी’ नावाची लोकप्रिय लायब्ररी वापरत, तिच्या पोटात लेजरसाठीचा भाग होता आणि त्या भागाच्या पोटात लोडर. जागरूक टीमकडे लॉकफाइल होती, प्रत्येक पॅकेजची आवृत्ती आणि ठसा टिपलेली. त्या लॉकफाइलमध्ये लोडर अगदी चोख नोंदलेला होता. लोडरमध्ये खोट नव्हतीच. तो पान उघडल्यावर ज्याला बोलावणार होता, त्याची नोंद मात्र कुठल्याच लॉकफाइलमध्ये असू शकत नव्हती.

शेवटची तयारी अगदी घरगुती. लेजरमधला एक कर्मचारी नोकरी सोडून गेला. जाताना सगळे करतात ते सोपस्कार झाले, आतल्या यंत्रणांच्या किल्ल्या परत घेतल्या गेल्या. एनपीएमवरचं त्याचं खातं तेवढं राहिलं. त्या खात्याला कनेक्ट किटची नवी आवृत्ती चढवण्याचा अधिकार होता, आणि तो तसाच राहिला.

कंपनीत म्हणे एकट्या माणसाला कोड पुढे ढकलता येत नाही, अनेकांच्या नजरेखालून जावा लागतो. पुढच्या दारावर पहारा कडक होता यात मला शंका नाही.

सकाळ

त्या माजी कर्मचाऱ्याला फसवी लिंक येते आणि तो फसतो. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी होती, तरीही. कारण चोराने पासवर्डच्या नादी न लागता सेशन टोकन उचललं. आपण एकदा लॉगिन झालो, ओटीपी दिला, की ब्राउझरला एक चिठ्ठी मिळते: याची चौकशी झालेली आहे, पुन्हा विचारू नका. ती चिठ्ठी ज्याच्या हातात, त्याला दारावर कुणी हटकत नाही.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणतात तसं. फक्त इथे जामदारखाना हजार ठिकाणी होता आणि किल्ली एकच.

९.४९

एनपीएमवर कनेक्ट किटची आवृत्ती १.१.५ येते.

लेजरच्या सर्व्हरला कुणी हात लावलेला नाही, कोडच्या भांडारालाही नाही. ज्या साइटवर चोरी होणार आहे त्यांच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा कुणी गेलेलं नाही. एका कोठारात एक नवं पुडकं येऊन पडलं, एवढंच. पत्त्यातला तो १ आपलं काम इमानेइतबारे करू लागतो. सगळ्यात नवी कोणती? १.१.५. घ्या.

१०.४४

१.१.६.

या दोन आवृत्त्यांत चोरीचा माल थेट भरलेलाच नव्हता. त्या आणखी एक पॅकेज उतरवून घेत होत्या, आकडे-अक्षरांच्या निरर्थक नावाचं, एनपीएमवरच ठेवलेलं. म्हणजे साइटने लोडर आणला, लोडरने किट आणलं, किटने आणखी कुणाला तरी आणलं. चोरानेही तीच सोय वापरली जी आम्ही सगळे वापरतो. ‘गरज लागेल तेव्हा बाहेरून ओढून घ्यावं’ हे त्यालाही पटलेलं होतं.

११.३७

१.१.७. आता मधली पायरी गेली. लुटारू कोड फाइलीतच.

या कोडला ‘ड्रेनर’ म्हणतात, मोरी उघडून टाकी रिकामी करणारा. हा होता एंजल ड्रेनर, आणि तो भाड्याने मिळतो. एक टोळी हत्यार बनवते, दुसरी ते चालवते, लुटीत बनवणाऱ्याचा हिस्सा. कनेक्ट किटच्या वेशात तो साइटवर शिरायचा आणि पाकीट जोडण्याची खोटी खिडकी पुढे करायचा. पाकीट आणि साइट यांच्यात निरोप नेणारी वॉलेटकनेक्ट नावाची सेवा आहे. तिच्यावर चोरांनी आपला एक प्रकल्प नोंदवून ठेवला होता, आणि पैसे त्या वाटेने त्यांच्या पत्त्यांकडे वळत होते.

नाव लेजरचं असलं तरी लेजरचं यंत्र असणाऱ्यांनाच धोका होता असं नाही. पानात शिरलेला कोड येणाऱ्या प्रत्येकालाच खिडकी दाखवत होता, त्याचं पाकीट कुठलंही असो.

बारा ते पावणेदोन

या पावणेदोन तासांना अहवालात स्वतंत्र नोंद नाही. लुटीचा काळ एकूण दोन तासांपेक्षा कमी, एवढाच कंपनीचा अंदाज.

ज्याचे पैसे गेले त्याने नेमकं काय पाहिलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केलाय. त्याने कुठल्या भलत्या लिंकवर टिचकी मारली नव्हती. पत्ता बरोबर, रोजचीच साइट, रोजचेच रंग. पाकीट जोडा म्हणून खिडकी आली, तीही रोजच येते. त्याच्याकडे लेजरचं यंत्र असेल तर त्याच्या इवल्या पडद्यावर व्यवहाराचा तपशील नसून माणसाला न वाचता येणारी अक्षरमाळ आली असेल. गुंतागुंतीच्या व्यवहारांत ती येतेच. या प्रकाराला धंद्यात नावही आहे, ‘ब्लाइंड साइनिंग’. आंधळी सही. त्याने दोन्ही बटणं दाबली.

किल्ली चिपच्या बाहेर आली नाही. जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा ठरला. तिजोरी कुणी फोडली नाही, मालकाने स्वतः उघडून दिली.

१.४५

लेजरला बाहेरून कळतं. ब्लॉकएड या सुरक्षा कंपनीने हल्ला टिपला होता. तिने लेजरला गाठलं आणि एक्सवरही लिहायला सुरुवात केली. चार तासांत कोठारात तीन नव्या आवृत्त्या येऊन पडल्या होत्या, आणि ज्यांचा माल होता त्यांना पत्ता नव्हता. आवृत्ती निघाली की मालकाला निरोप जावा, अशी साधी घंटा कुठेतरी वाजायला हवी होती, असं आज घरबसल्या म्हणणं सोपं आहे. पण म्हणतोच.

सुशीस्वॅप या चलन-अदलाबदलीच्या साइटचे तंत्रप्रमुख मॅथ्यू लिली यांनी एक्सवर इशारा दिला की पुढची सूचना येईपर्यंत कुठल्याच विकेंद्रित ॲपला हात लावू नका. कुठल्याच. कारण लोडर कोणाकोणाच्या पोटात आहे याची यादी कुणाकडेही नव्हती, ज्यांच्या पोटात होता त्यांच्याकडेही नाही. पुढे त्यांनी लेजरवर तोंडसुख घेतलं: सीडीएनवरून कोड ओढता, वर आवृत्तीही बांधत नाही! खरं होतं. पण सुशीस्वॅपच्या पानावर तो कोड सुशीस्वॅपनेच येऊ दिला होता, हेही खरं.

बाधितांत झॅपर होतं. रिव्होक डॉट कॅशही होतं, आणि हे नाव वाचून त्या दिवशी पुष्कळांच्या पोटात गोळा आला असेल. या साइटवर लोक जातात ते चुकून कुणाला दिलेल्या परवानग्या मागे घ्यायला. कुठे गडबड झाली की जाणकार सांगतात, आधी रिव्होकवर जा. त्या दिवशी गडबडीची बातमी ऐकून जो तिकडे धावला, त्याच्या स्वागताला तोच कोड उभा होता. रिव्होकने साइट खाली घेतली.

२.१८

लेजरची तंत्र आणि सुरक्षा पथकं कामाला लागलेली. कळल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत स्वच्छ आवृत्ती बाहेर पडते, १.१.८. वॉलेटकनेक्ट चोरांचा प्रकल्प बंद करतं, म्हणजे पैसे जाण्याची वाटच तुटते.

चाळीस मिनिटं म्हणजे चांगलाच वेग. पण तो कशामुळे शक्य झाला? त्याच १ मुळे. हजार साइटना फोन करावा लागला नाही, कुणाला बिल्ड करावं लागलं नाही. सगळ्यात नवी कोणती? १.१.८. घ्या. विष ज्या नळाने आलं, उतारा त्याच नळाने घरोघर पोहोचला. लोडर लिहिणाऱ्याचा हेतू नेमका हाच होता: दुरुस्ती झटकन सगळीकडे जावी. म्हणून त्याला सरसकट मूर्ख ठरवायला माझं मन घेत नाही.

२.५५

टेदर कंपनी चोराच्या पत्त्यावरचे यूएसडीटी, म्हणजे तिचीच नाणी, गोठवते. मध्यवर्ती सत्ता नको, बँक नको, कुणाच्या हातात कळ नको, म्हणून उभारलेल्या या जगात शेवटी कामाला आली ती एका कंपनीच्या हातातली कळ. इथरसारख्या चलनातल्या पैशाला अशी कळ नसते.

पावणेतीनच्या सुमारास

उताराही लगेच उतरत नाही. सीडीएन म्हणजे जगभर पसरलेल्या गोदामांची साखळी. प्रत्येक गोदाम फाइलची प्रत काही काळ जपून ठेवतं, ब्राउझरही ठेवतो, वेग त्यातूनच येतो. पॅरिसमध्ये १.१.८ आली तरी दूरच्या एखाद्या गोदामाच्या फळीवर १.१.७ शिल्लक होती. पहिल्या खोट्या आवृत्तीपासून सगळं निवळेपर्यंत साधारण पाच तास गेले, असं कंपनी सांगते. वापरणाऱ्यांना तिने सल्ला दिला चोवीस तास थांबण्याचा.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ झाली होती. पुण्या-बंगळुरातली ऑफिसं सुटायच्या बेतात, आणि अनेकांच्या फोनवर एकच प्रश्न: आपल्यात आहे का रे हे? याचं उत्तर शोधायला प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘लेजर’ शब्द टाकून पाहायचा. सापडायचा तो निष्पाप लोडर. त्याच्या आत जाऊन पत्ता वाचणारे थोडे, आणि पत्त्यातल्या १ पाशी थबकणारे त्याहून थोडे.

सहा दिवसांनी

२० डिसेंबरला लेजर सांगते की साधारण सहा लाख डॉलर गेले, तेव्हाच्या दराने पाचेक कोटी रुपये, आणि ज्यांचे गेले त्यांची भरपाई होईल. जून २०२४ पर्यंत आंधळी सही आपल्या यंत्रांवर बंद करण्याचंही ती जाहीर करते. मुख्याधिकारी पास्कल गोतिए यांनी ग्राहकांना आधीच जे लिहिलं होतं त्यात माजी कर्मचाऱ्याच्या फसवणुकीचा उल्लेख होता, सुरक्षा आणखी कडक करण्याचं आश्वासन होतं. आभासी चलनाच्या चोऱ्यांत सहा लाख म्हणजे चिल्लर. आकडा लहान राहिला तो लोक लवकर ओरडले म्हणून. दार किती मोठं उघडं होतं, ते या आकड्यावरून कळत नाही.

त्या दिवसाबद्दल एक गोष्ट माझ्या मनात सारखी येते. समजा एखादी छोटी साइट, दोन-तीन जणांनी चालवलेली, त्या गुरुवारी सगळे दुसऱ्याच कामात. सकाळी ९.४९ नंतर केव्हातरी त्यांचं पान लुटारूंचं झालं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा त्यांचं. त्यांनी एक अक्षर बदललं नाही, सर्व्हरला हात लावला नाही. आज त्यांनी गिटचा इतिहास उघडला, तर १३ डिसेंबरची नोंद असेल, १५ ची असेल. १४ तारखेला एकही बदल नाही.